फक्त गाईचं

मुलगी रडून रडून लालबुंद झाली होती आणि तिची शीर काही सापडत नव्हती. दहा महिन्यांचं पोर, पण बाळसं असं की मनगटावर दोरा बांधल्यासारखी घडी पडलेली. अशा गुबगुबीत मुलांचं रक्त काढायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. तिच्या आईने तिला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले होते. मी मुलीचा डावा हात उलटा केला, मुठीच्या मागच्या बाजूला बोटाने चोळत राहिले, आणि निळसर रेघ दिसताक्षणी सुई घातली. एका टोच्यात दोन मिली रक्त नळीत आलं.

"हात हलका हाय बाईंचा," मुलीची आजी म्हणाली. "दुसऱ्या ठिकाणी चार डाव टोचलं हुतं. थेंब आला न्हाई."

मी वर बघितलं नाही, पण अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करते.

ही गोष्ट झाली त्याला सतरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि विट्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर दीड खोलीची लॅब. मालक डॉक्टर कोरे सांगलीहून आठवड्यातून तीन दिवस यायचे, केबिनमध्ये बसून सूक्ष्मदर्शकात डोळा घालायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि जायचे. बाकी सगळं राज्य माझं. पेशंट मला डॉक्टरीणबाई म्हणत. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला सांगायची, अहो, मी डॉक्टर नाही, मी रक्त तपासते. दुसऱ्या वर्षी कंटाळा आला. तिसऱ्या वर्षापासून ते ऐकायला बरं वाटायला लागलं.

आणखी एक खोड होती मला. रिपोर्ट इंग्रजीत असायचे आणि घेऊन जाणाऱ्या दहातल्या आठांना ते वाचता यायचे नाहीत. म्हणून मी लिफाफ्यावर निळ्या पेनाने एका ओळीत मराठीत सार लिहून द्यायची. ‘रक्त कमी.’ ‘साखर जास्त, गोड बंद.’ ‘कावीळ आहे, लगेच दाखवा.’ डॉक्टर कोऱ्यांना ते ठाऊक होतं. ते हसायचे आणि म्हणायचे, कुंदा, तू लिफाफ्यावरच प्रॅक्टिस काढ. लोक मात्र माझ्या त्या ओळीसाठी लांबून लांबून यायचे. आतला कागद उघडायचेसुद्धा नाहीत.

त्या दिवशी आलेली मंडळी गळव्यांची. गावाचं नाव सांगत नाही, विट्यापासून एस.टी.ने पाऊण तासावर आहे एवढंच. आजीचं नाव शेवंताबाई, सून सारिका, आणि नात तनुजा. सारिकाचा नवरा गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनंचांदी गाळण्याच्या कामाला, मदुरैला होता. आमच्याकडची निम्मी तरणी पोरं त्या धंद्यात परमुलखात असतात आणि बायका घरची जनावरं सांभाळतात. गळव्यांकडे डेअरीला दूध घालायला दोन जर्सी गाई होत्या आणि घरच्या दुधाला एक म्हैस.

शेवंताबाईंनी सगळी हकिगत स्टुलावर बसून सांगितली. पोर नऊ महिने अंगावरच्या दुधावर होती. मग सारिकाचं दूध आटत चाललं तसं वरचं सुरू केलं. लहान पोराला गाईचं हलकं म्हणून मुद्दाम गाईचं, पाणी घालून, चार चमचे. तासाभरात अंगावर गांधी उठल्या आणि उलटी झाली. बाधलं असेल काही म्हणून दृष्ट काढली. आठ दिवसांनी परत दिलं तर ओठ सुजले आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बोध्यांकडे पळवलं. त्यांनी इंजेक्शन देऊन निभावलं, वरचं दूध एकदम बंद करायला सांगितलं आणि ही तपासणी लिहून दिली. दुधाविरुद्ध मुलीच्या रक्तात काही तयार झालंय का, आणि किती, ते त्यात कळतं. रिपोर्ट आला की घेऊन या, मग पुढचं काय द्यायचं ते सांगतो, असं ते म्हणाले होते.

सासू जिन्याकडे गेली तशी सारिका मागे रेंगाळली. बावीस-तेवीसची असेल. मुलीच्या हातावर फुंकर घालत तिने हळू आवाजात विचारलं, "बाई, माझ्या दुधानं तर न्हाई ना झालं हे?"

मी म्हटलं, असं का वाटतं तुम्हाला?

"घरात म्हणत्यात. आधी माझंच दूध नासलं, त्यानं पोराचं पोट बिघडलं, म्हणून आता दुसरं काय सोसंना तिला. ह्यांनी फोनवर पण तेच इचारलं."

रिपोर्ट येऊ दे, मी म्हणाले, त्यात दूध का दूध होईल. हा माझा विनोद होता. ती हसली नाही, पण तिने तो शब्द धरून ठेवला असावा, कारण जाताना तिने रिपोर्ट कुठल्या तारखेला येईल ते दोनदा विचारून घेतलं.

असली तपासणी आमच्याकडे होत नसे. रक्तातला पाण्यासारखा भाग वेगळा काढून बर्फाच्या डब्यात घालून आम्ही पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवायचो. सहाव्या दिवशी ईमेलवर रिपोर्ट आला, मी छापून घेतला. एकच ओळ होती. गाईचं दूध, आणि पुढे आकडा. सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मुलगी पाचव्या पायरीवर होती. तोवर मी अशा दहाबारा तपासण्या पाठवल्या असतील, पाच कधी बघितला नव्हता. खाली नेहमीची बारीक अक्षरांतली ओळ होती, की लक्षणांशी ताडून बघावं आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ती ओळ प्रत्येक रिपोर्टाखाली असते, त्यामुळे ती कुणालाच दिसत नाही.

दोघी सकाळच्या गाडीने आल्या. शुक्रवार होता. डॉक्टर कोरे सांगलीला होते. डॉक्टर बोध्यांचा दवाखाना त्यांच्या मेहुणीच्या लग्नासाठी सोमवारपर्यंत बंद होता. कुलूप बघूनच या दोघी माझ्याकडे आल्या होत्या. काउंटरपुढे पाचसहा लोक उभे होते, एक जण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला चक्कर येते म्हणून कुरकुरत होता. मी शेवंताबाईंना पुढे बोलावलं.

"गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे," मी सांगितलं. "आणि साधी नाही, चांगलीच जोरात आहे. गाईचं दूध एक थेंबसुद्धा द्यायचं नाही."

सारिकाने काउंटरची कड धरली. "म्हंजे माझं न्हाई?"

"तुमचं नाही."

तिने खाली मान घातली आणि पदराने डोळे पुसले. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की जणू ते मीच घडवून आणलं होतं. महिनाभर छातीवर धोंडा घेऊन वावरणाऱ्या बाईचा धोंडा मी एका वाक्यात उतरवला होता. मागची माणसंही ऐकत होती.

तेवढ्यात शेवंताबाईंनी विचारलं. अगदी सरळ, घरगुती प्रश्न होता. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईने तोच विचारला असता.

"मग म्हशीचं चालंल की? घरात म्हस हाय."

यावर मला देता येण्यासारखं एकच उत्तर होतं. मला माहीत नाही, सोमवारी डॉक्टरांना विचारा. सहा शब्द झाले फक्त. पण मागे माणसं होती, त्यांना मी डॉक्टरीणबाई होते, आणि शेवंताबाई माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होत्या त्या विश्वासापुढे ‘मला माहीत नाही’ हे फार किरकोळ दिसलं असतं. मी रिपोर्ट परत उघडला. त्यावर बोट फिरवलं, जणू काही शोधतेय.

"रिपोर्टात फक्त गाईचं आहे," मी म्हणाले. "म्हशीचं नाव नाही."

"म्हंजे चालंल."

"चालायला पाहिजे."

आता कुणी म्हणेल, यात तुझी काय चूक, इंग्रजीत काउज मिल्क लिहितात ते तिकडे म्हशी नाहीत म्हणून. खरं आहे. ज्या मुलखात दूध म्हणजे गाईचंच, तिथल्या माणसांनी ती तपासणी केली आणि तिला ते नाव दिलं. आमच्याकडे मात्र पोरसवदा मूलसुद्धा चहाची चव घेऊन गाईचा की म्हशीचा ते सांगतं. आमच्या लेखी ती दोन वेगळी दुधं. त्यामुळे माझं उत्तर मला चुकीचं वाटलंच नाही. उलट चोख वाटलं. मी लिफाफा घेतला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘गाईचे दूध पूर्ण बंद.’ ‘गाईचे’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

सारिका म्हणाली, सोमवारी बोधे डॉक्टरांना दाखवून जाऊ का? मी म्हटलं, दाखवा सावकाश. आता घाबरायचं कारण नाही.

मंगळवारी दुपारी लॅबचा फोन वाजला. पलीकडे डॉक्टर बोधे होते. त्यांचा आवाज नेहमी खेळकर असायचा, तसा नव्हता.

"कुंदा, गळव्यांच्या मुलीचा रिपोर्ट तुमच्याकडून गेला ना?"

मी हो म्हटलं.

"मुलगी गेली. काल सकाळी. मला आत्ता ग्रामीण रुग्णालयातून कळलं. जीपमध्ये घालून आणली, पण पोचेपर्यंत श्वास बंद झाला होता. घरचे म्हणतात, म्हशीचं दूध दिलं होतं. त्यांना म्हशीचं कुणी सांगितलं?"

मी विचारलं, सर, म्हशीच्या दुधाने होतं का तसं?

ते चिडूनच बोलले, पण माझ्यावर नव्हे. होणारच, म्हणाले. शरीराला गाय कळत नाही आणि म्हैस कळत नाही. दुधातली जी वस्तू बाधते ती दोन्हींत जवळपास सारखीच. शेळीच्यातही तीच. आईचं दूध वाढवायला सांगणार होतो, वेगळी पावडर लिहून देणार होतो, तीन दिवस माझा दवाखाना बंद, तेवढ्यात हे. मग त्यांनी परत विचारलं, "कुणी सांगितलं त्यांना म्हशीचं?"

"माहीत नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मी समोरच्या बाईच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, काचेवर पसरला, तिचं नाव लिहिलं. सगळं व्यवस्थित केलं. संध्याकाळी डॉक्टर कोरे आले तेव्हा त्यांना केबिनचं दार लावून खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे. आपण जे छापलं ते बरोबर आहे. कुणी विचारायला आलंच, तर रिपोर्टात छापलंय तेवढंच बोलायचं. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. आणि ते लिफाफ्यावर लिहिणं आजपासून बंद."

माणूस वाईट नव्हता तो. घाबरला होता, आणि मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरले होते.

तेरावं उरकल्यावर ती मंडळी आली. सोमवारचा दिवस, अकराचा सुमार. या वेळी तिघं होते: शेवंताबाई, सारिका, आणि सारिकाचे वडील, पांढऱ्या टोपीतला एक किडकिडीत म्हातारा. सारिकाच्या काखेत मूल नव्हतं त्यामुळे तिच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. कधी पदर धरायची, कधी सोडायची. माझ्या मागे केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत डॉक्टर कोरे होते. बाकावर दोनतीन पेशंट बसले होते.

शेवंताबाईंनी पिशवीतून लिफाफा काढला आणि काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर, माझ्याच दोन रेघा.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि तेव्हा मला कळलं की घरात काय चाललंय. शनिवारी आणि रविवारी म्हशीचं दूध दोनदोन चमचे दिलं, पोर थोडी खाजवत होती, पण तेवढंच. सोमवारी सकाळी सारिकाने वाटीभर दुधात भाकरी कुस्करून भरवली. अर्ध्या तासात सगळं संपलं. आता शेवंताबाईंचं म्हणणं असं होतं, की सुनेने चरवी चुकवली. धार काढल्यावर गाईच्या दुधाची चरवी आणि म्हशीच्या दुधाची चरवी चुलीजवळ शेजारीशेजारी ठेवलेली असते. हिने गाईच्यातलं घेतलं. आणि नवराही मदुरैहून आल्यापासून तेच म्हणत होता, आणि भावकीही.

"ही म्हणती, म्हशीचंच दिलं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी म्हणती, म्हशीचं दिलं असतं तर पोर गेलीच नसती. ह्ये व्याही म्हणत हुतं बोधे डाक्टरकडं जाऊ. मी म्हनलं न्हाई. जिथनं रिपोर्ट आला, जिनं लिहून दिलं, तिथंच निवाडा हुंद्या."

त्या मोठ्याने बोलत होत्या, पण लिफाफ्यावरचा हात काढत नव्हत्या. माझ्या लक्षात आलं. ही बाई सुनेला गुन्हेगार ठरवायला आली नव्हती. म्हशीचं चालेल का हे तिने विचारलं होतं. म्हशीचं दे, असं घरात तिने सांगितलं होतं. म्हशीच्या दुधाने पोर गेली असेल, तर ती तिच्या शब्दाने गेली होती. तिला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं, आणि ते नाही मिळालं तर ती तिथेच कोसळली असती. आणि मलाही तेच उत्तर हवं होतं. त्या खोलीत आम्ही दोघी एका बाजूला होतो आणि सारिका एकटी दुसऱ्या बाजूला.

सारिका पुढे आली. ती रडत नव्हती. "बाई, मी म्हशीच्याच चरवीतलं घेतलं हुतं. मला आठवतंय. म्हशीच्या दुधानंबी असं हुतं का, तेवढं सांगा. मला दुसरं काय नको."

केबिनमध्ये खुर्ची करकरली.

"रिपोर्टात फक्त गाईचं आहे," मी म्हणाले.

हे तेच वाक्य होतं. पहिल्यांदा बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं.

तिचे वडील समजूतदार माणूस होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ते खरं वो. पर आमी इचारतोय, की तसं हुतं का? म्हशीच्यानं?"

इथेही मला सुटका होती. डॉक्टर बोध्यांना विचारा, एवढं म्हणायचं. शंभर पावलांवर त्यांचा दवाखाना होता. कोऱ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं.

"नाही होत," मी म्हणाले.

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं ते वरपर्यंत ऐकू येत होतं. सारिका माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. पण ती आठवायचा प्रयत्न करत होती. तिचे ओठ हलत होते, ती मनातल्या मनात ती सकाळ पहिल्यापासून परत करून बघत होती, धार, चरव्या, वाटी, भाकरी. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"धूर लई हुता चुलीपशी," ती म्हणाली. "दोन्ही चरव्या जवळच हुत्या. माझ्याच हातनं चुकलं असंल मग."

"अगं, काय बोलतीस," तिचे वडील म्हणाले.

"बाईंना खोटं बोलून काय मिळायचंय, आण्णा?"

शेवंताबाई मटकन बाकावर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. ते रडणं नातीचं होतं आणि सुटल्याचंही होतं, ते मला कळलं, कारण माझ्या आतही तसंच काहीतरी सुटलं होतं. त्याची मला आजही किळस येते. सारिकाने पुढे होऊन सासूला उठवलं, तिच्या हाताला धरून जिना उतरवला. लिफाफा तिथेच राहिला. डॉक्टर कोऱ्यांनी बाहेर येऊन तो उचलला, घडी करून खिशात घातला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या महिन्यात सारिकाला माहेरी पाठवली. नवरा मदुरैला परत गेला आणि त्याने तिला नेलं नाही, बोलावलंही नाही. हे मला गळव्यांच्याच भावकीतल्या एका पेशंटने रक्त देता देता सांगितलं. तो म्हणाला, अशी बाई घरात कोण ठेवेल, स्वतःच्या पोरीला... मी त्याच्या दंडाला रबर बांधत होते. बांधून झाल्यावर सुई घातली.

मला सांगायला आवडलं असतं की त्यानंतर माझे हात थरथरायला लागले, मला शिरा सापडेनात, अन्न गोड लागेना. तसं काहीही झालं नाही. मी जेवत होते, झोपत होते, लहान मुलांचं रक्त एका टोच्यात काढत होते.

आठ महिन्यांनी एक बाई सहा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. तीच तपासणी. रिपोर्टात दुसरी पायरी. तिने विचारलं, म्हशीचं चालेल का? आणि मी म्हणाले, "नाही. कुठलंच जनावराचं दूध देऊ नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा." श्वास न घेता बोलून गेले. ती बरं म्हणून गेलीसुद्धा. किती सोपं होतं ते. मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि मला भडभडून आलं. त्याच रविवारी मी एस.टी. पकडून सारिकाच्या माहेरच्या गावी गेले.

गावाबाहेर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं आणि घाईघाईने चटई टाकली. वडील रानात होते. ती वाळली होती. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर परत गेले असते.

मी सगळं सांगितलं. शुक्रवारी मला माहीत नव्हतं तरी मी मोठेपणा केला ते. डॉक्टर बोध्यांचा फोन आला आणि मी कानावर हात ठेवले ते. गाय आणि म्हैस शरीराला सारखीच, ते. आणि त्या सोमवारी तिच्या तोंडावर मी नाही होत म्हणाले, तेव्हा मला पक्कं माहीत होतं की होतं. "तुम्ही म्हशीच्याच चरवीतलं दिलं होतं, सारिका," मी म्हणाले. "तुमच्या हातून काही चुकलं नाही. चूक माझी. मी तुमच्या सासरी जाऊन सांगते, आत्ताच्या गाडीने जाते."

तिचे हात चालूच होते. शेंग फोडायची, दाणे एका बाजूला, टरफल एका बाजूला. मी थांबल्यावर तिने वर बघितलं आणि ती हसली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

"लई चांगल्या हाय बाई तुमी," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलासा. माझ्यासाठनं."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणतेय.

"कुणीतरी सांगितलं असंल तुमास्नी, सारिका लई खंगली म्हणून. हो ना? तुमचा जीव ऱ्हायला नसंल."

"अहो, मी खरं सांगतेय."

"असू द्या," ती म्हणाली.

मी शपथ घेतली. आईची घेतली. म्हटलं, बोधे डॉक्टरांकडे चला माझ्याबरोबर, ते सांगतील. ती मान हलवत राहिली, जशी एखाद्या मुलाची समजूत काढताना हलवतात. म्हणाली, आता कुणाला विचारायचं नाही. महिनोन् महिने रोज विचार करकरून तिने ती सकाळ नीट आठवून ठेवली होती. आता तिला स्पष्ट दिसत होतं, डाव्या हाताची चरवी, गाईची, आणि त्यातून वाटीत ओतणारा तिचा हात. तिने मला तो हात पुढे करून दाखवला, कसा तो डावीकडे गेला ते. मी काहीही म्हटलं तरी तो हात आता दुसरीकडे जाणार नव्हता.

तिने चूल पेटवून चहा ठेवला. कोरा होता. घरात दूध आणत नाही, ती सहजच म्हणाली. मी तो कोरा चहा प्याले आणि निघायला उठले. ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीची धूळ लांबून दिसायला लागली तेव्हा तिने माझ्या हाताला हात लावला.

"हे सासूबाईंस्नी मात्र सांगू नका. त्यास्नी खरं वाटायचं, आणि सोसायचं न्हाई."

मी मान हलवली. गाडी थांबली, मी चढले, आणि खिडकीशी बसले. ती खाली उभी होती.

"खोटं का असंना," ती म्हणाली, "बरं वाटलं ऐकून."